एका दमांतलें गाणें

थोर कलाकृतींभोंवतीं दंतकथांचें जाळें विणीत राहणें ही मानवी मनाची फार जुनी खोड आहे. तानसेनानें दीपक राग आळविला आणि दिवे आपोआप लागले, ही गोष्ट लहानपणीं ऐकली नाहीं असा वाचक विरळाच. ती खरी कीं खोटी, हा प्रश्न त्या वयांत आम्हांस पडला नाहीं. आणि पडला असता तरी त्याचें उत्तर देण्याचें साधन कोणाजवळच नव्हतें, कारण तानसेनाचा आवाज त्याच्याबरोबरच गेला. पण ज्या गायकांचा आवाज तबकडीवर उमटून राहिला, ज्यांच्या गाण्याच्या वेळीं जवळ बसलेलीं माणसें पुढें कित्येक वर्षें हयात होतीं, त्यांच्या गाण्याभोंवतींहि अशाच कथा पिकाव्यात, हें मात्र विचार करण्याजोगें आहे. इंग्लंड-अमेरिकेंतील रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रणांविषयीं ज्या कथा प्रचलित आहेत, त्यांचा आम्ही येथें परामर्श घेणार आहों. आमच्या घरांतील तरुण मंडळी तें संगीत आवडीनें ऐकतात, आणि त्यांच्या संगतीनें आम्हांसहि त्याची थोडीबहुत गोडी लागली आहे, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें.

या कथांचा सांचा बहुधा एकच असतो. गायक आजारी असतो, किंवा दुःखानें विव्हळ झालेला असतो. रात्र फार झालेली असते. तो मायक्रोफोनसमोर उभा राहतो, एकदांच आणि एकाच दमांत गातो. आणि तेंच गाणें अजरामर होतें. या सांच्यांत श्रम नाहींत, तालीम नाहीं, चूक नाहीं, दुरुस्ती नाहीं. जें आहे तें केवळ स्फूर्ति आणि वेदना. अशा गोड समजुतींत रसिक राहिला तर त्यांत कोणाचें काय बिघडलें, असें कोणी विचारील. आम्हांसहि पुष्कळ वर्षें तसेंच वाटत असे. पण जरा खोलांत शिरून पाहतां त्यांत कोणाचें तरी नुकसान निश्चित होतें, अशी आतां आमची खात्री झाली आहे.

प्रथम, जी कथा बरीचशी खरी आहे ती घेऊं. ११ फेब्रुवारी १९६३ रोजीं बीटल्स या चौघां तरुणांनीं लंडनमधील अॅबी रोडवरच्या स्टुडिओंत आपली पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका एका दिवसांत पुरी केली, असें सांगतात. दिवसाच्या अगदीं अखेरीस ‘ट्विस्ट अँड शाउट’ हें गाणें व्हावयाचें होतें. जॉन लेनन यांना सर्दी झाली होती आणि दिवसभर गाऊन घसा बसत चालला होता. त्यांनीं पहिल्याच खेपेस तें गाणें गाऊन टाकलें, आणि तीच खेप तबकडीवर आली. दुसरी घेऊन पाहिली, पण आवाज उरला नव्हता. हें सारें खरें आहे. तथापि या सत्याच्या मागें आणखी एक सत्य उभें आहे. ध्वनिमुद्रिकेंतील चौदा गाण्यांपैकीं चार आधींच मुद्रित झालीं होतीं; त्या दिवशीं झालीं तीं दहा. शिवाय ‘ट्विस्ट अँड शाउट’ हें त्यांचें स्वतःचें गाणें नव्हे. श्रोत्यांसमोर तें गाण्याचा त्यांना चांगला सराव होता. आणि १९६० पासून हँबर्गच्या गुत्त्यांतून रात्रीच्या रात्री तासन् तास गाऊन त्यांचे गळे तापून निघाले होते. जी खेप पहिली म्हणून गाजली ती फितीवर पहिली होती. गळ्याला ती मुळींच पहिली नव्हती. दंतकथा येथें खोटें सांगत नाहीं. ती फक्त शेवटचीं अडीच मिनिटें सांगते आणि त्यापूर्वींचीं वर्षें गाळते.

आमच्या अध्यापनाच्या विषयांतहि अशी एक कथा आहे. ‘कुब्ला खान’ ही आपली कविता आपणांस स्वप्नांत सुचली, जागा होतांच आपण ती उतरून काढूं लागलों, आणि इतक्यांत पोरलॉक गांवाहून कोणी माणूस कामासाठीं आल्यामुळें ती अपुरी राहिली, असें कोलरिजनें १८१६ सालीं ती छापतांना प्रस्तावनेंत लिहिलें. पुढें त्याच्या हातची एक प्रत उजेडांत आली; तींतील कांहीं पाठ छापील पाठाहून वेगळे आहेत. म्हणजे स्वप्नांतून आलेल्या ओळींवरून कवीनें जागेपणीं हात फिरविला होता. तरी आम्ही वर्गांत ती स्वप्नाचीच गोष्ट वर्षानुवर्षें रंगवून सांगत आलों. कारण ती सांगितली कीं वर्ग स्तब्ध होतो. दुरुस्त्यांचें सांगितलें कीं जांभया येतात.

आतां जी कथा नुसती अपुरी नव्हे, तर घातक ठरली, तिच्याकडे वळूं. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही ध्वनिमुद्रिका १९७३ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या भागांत एक स्त्री शब्दांवांचून गाते. मृत्यूचें भय, आक्रोश आणि शेवटीं शरणागति हें सारें तिच्या केवळ स्वरांत आहे. ती गायिका क्लेअर टोरी, वय पंचवीस. त्या वर्षीं जानेवारींतील एका रविवारीं त्यांना अॅबी रोडवर बोलाविण्यांत आलें. त्यांनीं आरंभीं कांहीं शब्द घालून पाहिले. ते नकोत असें सांगण्यांत आलें. तेव्हां आपला गळा हें एक वाद्यच आहे असें समजून गावें, असें त्यांनीं ठरविलें. दोन-तीन खेपा झाल्या. आपण उगीच अति केलें, हें कांहीं वापरणार नाहींत, अशा समजुतीनें त्या संकोचून घरीं गेल्या. मोबदला मिळाला तीस पौंड.

या गाण्याची लोकप्रिय कथा अशी, कीं तो एका दमांतला उद्रेक होता. वस्तुतः तबकडीवर आहे तें त्या खेपांतील निवडक भाग जोडून सिद्ध झालेलें आहे. पण आम्हांस खटकतें तें एवढेंच नव्हे. वेष्टनावर गायिका म्हणून टोरींचें नांव छापलें गेलें. रचनाकार म्हणून मात्र एकट्या रिचर्ड राइट यांचें. स्वरावलीचा पाया राइट यांचा, हें निर्विवाद. पण त्यावर जी चाल उभी राहिली ती गातां गातां टोरींनीं रचिली होती. २००४ सालीं त्यांनीं न्यायालयाचें दार ठोठावलें. २००५ सालीं तडजोड झाली, आणि तेव्हांपासून राइट यांच्या जोडीला त्यांचें नांव रचनाकार म्हणून येऊं लागलें. मध्यें बत्तीस वर्षें गेलीं. त्यामागील कायद्याचे मुद्दे कांहींहि असोत. पण ‘तिला तें आपोआप स्फुरलें’ असें एकदां सर्वांनीं मानलें, कीं ‘तिनें तें रचिलें’ असें म्हणण्यास जागाच उरत नाहीं. स्फूर्ति ही कोणाचीच मालमत्ता नसते. श्रमाला मात्र धनी असतो. ज्याला आपण दैवी देणगी म्हणून नमस्कार करितों, त्याची मजुरी देण्याचें आपण सोईस्करपणें विसरतों.

येथें एक आक्षेप संभवतो. खेपा जोडून केलेलें गाणें खरें कसें? जो भाव एका क्षणीं सलग अनुभवलाच नाहीं, तो सलग भासविणें ही फसवणूक नव्हे काय? कुर्ट कोबेन यांनाहि १९९१ च्या सुमारास असाच संकोच वाटला. एकच ओळ दोनदां गाऊन ते आवाज एकावर एक चढविणें त्यांना खोटेपणाचें वाटे; अखेर लेनन तसेंच करीत असत, असें सांगून निर्माते बुच व्हिग यांनीं त्यांचें मन वळविलें. फ्रेडी मर्क्युरी यांचें उदाहरण तर आपल्या ओळखीच्या मुलखांतलें म्हणावें लागेल, कारण त्यांचें शालेय शिक्षण पांचगणीस झालें. १९७५ च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’मध्यें त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं आपले आवाज इतक्या वेळां एकावर एक चढविले, कीं फीत झिजून आरपार दिसूं लागली, असें ब्रायन मे सांगतात. तें गाणें खोटें आहे असें कोणी म्हणत नाहीं. आमचें मत असें, कीं कलेंतील खरेपणा हा घड्याळानें मोजावयाचा नसतो. भाव कलावंताच्या अंतःकरणांत खरा असला, आणि तो आपणापर्यंत पोंचविण्यासाठीं त्यानें दहा वेळां यत्न केला, तर तो दसपट खोटा ठरत नाहीं.

वेदनेच्या कथेचेंहि असेंच आहे. रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या ‘गिमी शेल्टर’ या गाण्यांत मेरी क्लेटन यांचा आवाज एका ठिकाणीं चिरफाळतो. त्या गर्भवती होत्या. मध्यरात्रीं झोपेंतून उठवून त्यांना स्टुडिओंत नेण्यांत आलें. पुढें त्यांचा गर्भपात झाला. ही कथा खरी आहे, आणि ती सांगतांना रसिकांच्या डोळ्यांत एक विलक्षण चमक येते, तिचीच आम्हांस भीति वाटते. जणूं त्या बालकाचें मरण हा त्या गाण्याचा अलंकारच! क्लेटन लहानपणापासून चर्चमध्यें गात आल्या होत्या, रे चार्ल्स यांच्या साथीला गाऊन तयार झाल्या होत्या; आवाज कोठवर ताणावा याचें ज्ञान त्यांनीं कमाविलें होतें. त्यांचें दुःख सर्वांस पाठ आहे. मूळ वेष्टनावर मात्र त्यांच्या नांवाचें स्पेलिंगसुद्धां चुकलें होतें.

मग सर्वच दंतकथा टाकाऊ काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. १९७७ सालीं बर्लिनच्या भिंतीजवळील हान्सा स्टुडिओंत डेव्हिड बोवी यांनीं ‘हीरोज’ गायिलें. भिंतीपाशीं एकमेकांचें चुंबन घेणारें कोणी अनोळखी जोडपें खिडकींतून दिसलें आणि त्यावरून गाणें सुचलें, असें ते पुष्कळ वर्षें सांगत. तें जोडपें अनोळखी नव्हतें. त्यांतील पुरुष म्हणजे त्यांचेच निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी, आणि ते त्या वेळीं विवाहित होते. बोवींनीं स्नेह्याची लाज राखण्यासाठीं गोष्टींत एवढा फरक केला. येथेंहि सत्य झांकलेंच गेलें, आणि ज्या पत्नीस तें कळावयास हवें होतें तिच्या बाजूनें पाहतां बोवी अगदींच निर्दोष ठरत नाहींत. तरी त्या कथेनें कोणाचे श्रम गिळले नाहींत. यावरून आम्हांस एक कसोटी सुचते. दंतकथा ऐकली कीं ती खरी कीं खोटी, एवढेंच विचारून थांबूं नये. तिनें कोणाचे कष्ट दृष्टीआड केले, आणि त्यामुळें कोणाचें देणें बुडालें, हेंहि विचारावें.

ही कसोटी आम्ही स्वतःस लावून पाहिली, आणि तींत उतरलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी आपल्या कवितांची वही घेऊन आली होती. प्रत्येक ओळ तीन-तीनदां खोडून पुन्हां लिहिलेली. आम्हीं वही चाळली, आणि खरी कविता अशी घासून निघत नसते, ती झऱ्यासारखी येते, असें सांगून वर कोलरिजच्या स्वप्नाची गोष्ट ऐकविली. त्या खोडाखोडींतल्या एखाद्या ओळीविषयीं मात्र आम्हीं तिला एक शब्दहि विचारला नाहीं. तिनें वही मिटली, आभार मानले, आणि पुन्हां ती वही घेऊन आली नाहीं. ती पुढें लिहीत राहिली किंवा कसें, हें आम्हांस कळलें नाहीं. लिहीत असेल, आणि हा लेख तिच्या दृष्टीस पडला, तर ती वही आम्ही पुन्हां पाहूं इच्छितों. आणि या खेपेस आरंभ त्या खोडलेल्या ओळींपासूनच करूं.