हिरोशिमाच्या शिलालेखातील कर्ता

प्रवासवर्णनाचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षा सामान्यतः दोन कसोट्या वापरते. लेखकाचे निरीक्षण किती सूक्ष्म आहे ही एक, आणि त्याची प्रतिक्रिया किती उत्कट व प्रामाणिक आहे ही दुसरी. निसर्गस्थळे, मंदिरे, बाजारपेठा यांच्यापुरत्या या कसोट्या पुरेशा ठरतात. ज्या शहराच्या भूतकाळात संहार आहे त्याच्या संदर्भात मात्र त्या तोकड्या पडतात. तेथे हेलावून जाणे मुळीच कठीण नसते. संग्रहालयातील वितळलेल्या बाटल्या आणि जळका मुलांचा गणवेश पाहून कोणीही हेलावते. त्या हेलावण्यातून जे विधान निघते त्याचा कर्ता कोण, हा खरा नैतिक प्रश्न असतो. हिरोशिमाच्या बाबतीत हा प्रश्न अक्षरशः व्याकरणाचा प्रश्न म्हणूनच उपस्थित झाला आणि तो उपस्थित करणारा पाहुणा भारतीय होता, ही गोष्ट मराठी वाचकाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

हिरोशिमाच्या शांतिउद्यानात वास्तुविशारद तांगे केन्झो यांनी रचलेली स्मारक-कमान १९५२ मध्ये उभी राहिली. कमानीखाली दगडी पेटी आहे, तिच्यात मृतांच्या नावांच्या वह्या आहेत आणि पेटीवर मृतांना उद्देशून एक वाक्य कोरलेले आहे. आपण शांतपणे विसावा घ्यावा, कारण ही चूक पुन्हा केली जाणार नाही, असा त्याचा स्थूल आशय. ‘केली जाणार नाही’ हे मराठीकरण सोय म्हणून स्वीकारलेले आहे. मूळ जपानी क्रियापद कर्मणी नाही. ते सरळ कर्तरी आहे, फक्त कर्ता उच्चारलेला नाही. जपानीत असा कर्ता वगळणे ही नित्याची गोष्ट आहे. वाक्य लिहिणारे साइका तादायोशी हे हिरोशिमा विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते, आणि ६ ऑगस्ट १९४५ च्या बॉम्बहल्ल्यातून ते स्वतः वाचलेले होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राधाबिनोद पाल हिरोशिमाला आले. टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणातील अकरा न्यायाधीशांपैकी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे हे एकमेव न्यायाधीश. वाक्याचा अर्थ कळल्यावर त्यांनी आक्षेप घेतला: चूक कोणाची? जपान्यांची म्हणावी तर बॉम्ब त्यांनी टाकलेला नाही, आणि ज्यांनी टाकला त्यांचे हात अद्याप धुतले गेलेले नाहीत. न्यायाधीशाला शोभेल असाच हा प्रश्न होता. रिकामी जागा दिसताच तेथे आरोपीचे नाव मागणे हे त्यांच्या व्यवसायाचे व्याकरण होते. शोकाच्या भाषेत गुन्हेगार विरून जातो हे त्यांनी अचूक हेरले होते, यात शंका नाही.

तथापि, पाल यांचा प्रश्न जेवढा रास्त आहे तेवढाच तो अपुरा आहे. हिरोशिमा हे केवळ बळी गेलेले शहर नव्हे. १८९४ मध्ये चीनविरुद्धच्या युद्धासाठी सम्राटाचे युद्धमुख्यालय येथे हलविले गेले. उजिना बंदरातून सैन्याच्या तुकड्या पुढे अर्धशतकभर आशियाच्या मुख्यभूमीवर जात राहिल्या. शांतिसंग्रहालय १९५५ मध्ये उघडले, पण शहराचा हा लष्करी इतिहास तेथे ठळकपणे मांडला जाण्यास १९९४ उजाडावे लागले. बॉम्बने मारलेल्यांत हजारो कोरियन होते, त्यांतील अनेकजण सक्तीने आणलेले मजूर. त्यांचे स्मारक १९७० मध्ये उभारले गेले ते उद्यानाबाहेर, आणि १९९९ मध्ये ते आत आले. एकच कर्ता निश्चित करण्याच्या आग्रहात हे सारे निसटते. पाल यांच्या आक्षेपाचा पुढचा प्रवासही बोलका आहे. शिलालेख बदलावा अशी मागणी करणाऱ्या राष्ट्रवादी जपान्यांना तो आयताच सापडला, आणि २००५ मध्ये एका तरुणाने छिन्नी-हातोड्याने नेमका ‘चूक’ हाच शब्द फोडण्याचा प्रयत्न केला.

साइका यांनी पाल यांना उत्तर दिले ते असे की, या वाक्याचा कर्ता समस्त मानवजात आहे. महापालिकेनेही हीच भूमिका घेतली आणि १९८३ मध्ये तसा खुलासा करणारा फलक तेथे लावला. हे उत्तर उदात्त आहे, परंतु त्याचे औदात्त्य वाक्यात नसून वक्त्यात आहे, याकडे दुर्लक्ष होते. बॉम्बखाली सापडलेला माणूस जेव्हा अपराधाच्या वाट्यात स्वतःलाही धरतो, तेव्हा तो काहीतरी सोडून देतो: आरोप करण्याचा आपला निर्विवाद अधिकार. तेच सर्वनाम विमानाने आलेला पाहुणा वापरतो तेव्हा त्याला काहीच सोडावे लागत नाही. उलट, त्याला काहीतरी मिळते. वैयक्तिक आणि राष्ट्रीय जबाबदारी मानवजातीच्या खात्यावर जमा होते. बराक ओबामा २७ मे २०१६ रोजी तेथे बोलले, तेव्हा त्यांच्या पहिल्याच वाक्यात आकाशातून कोसळणारा कर्ता होता ‘मृत्यू’. विमानाला वैमानिक नव्हता, आदेशाला राष्ट्राध्यक्ष नव्हता. (पुढे त्याच भाषणात त्यांनी कोरियन मृतांचा आणि अमेरिकन युद्धकैद्यांचा उल्लेख केला, हेही नोंदवले पाहिजे.)

हा पेच मराठीत आणताना एक वेगळीच अडचण उघड होते. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचन संदिग्ध राहू शकते. मराठीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत निवड करावीच लागते. ‘आपण’मध्ये श्रोता सामावतो. शिलालेखाचा श्रोता मृत आहे. म्हणजे ‘आपण ही चूक पुन्हा करणार नाही’ असे म्हणताच जळून गेलेल्या शाळकरी मुलीही त्या चुकीच्या भागीदार ठरतात. ‘आम्ही’ म्हटले तर मृत बाहेर राहतात, हे योग्यच. पण मग हे ‘आम्ही’ कोण, हा पाल यांचा प्रश्न परत येतो. तिसरी वाट कर्ता गाळण्याची: ‘चूक पुन्हा करणार नाही.’ येथे क्रियापद पुरुष उघड करीत नाही, तरी मराठी कानाला आधी ऐकू येतो तो ‘मी’. आणि ‘मी’ म्हणण्याचे धाडस मानवजातीविषयी बोलणाऱ्या प्रवाशांत क्वचितच आढळते.

ओए केन्झाबुरो यांचे ‘हिरोशिमा नोट्स’ (१९६५) या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. १९६३ च्या उन्हाळ्यात ते तेथे गेले ते अण्वस्त्रविरोधी जागतिक परिषदेचे वार्तांकन करण्यासाठी. परिषद राजकीय तंट्यांत फुटत होती. ठरावांत सर्वनामांचा सुकाळ होता. ओए तेथून रुग्णालयाकडे वळले, जेथे स्वतः बॉम्बपीडित असलेले डॉक्टर शिगेतो फुमिओ वर्षानुवर्षे रोगी तपासत होते. ते पुन्हा पुन्हा त्या शहरात येत राहिले आणि आपण बाहेरचे आहोत ही जाणीव त्यांनी लेखनातून पुसली नाही. हिरोशिमातील एका वाचकाने त्यांना पत्र लिहिले होते: येथील लोकांना मरेपर्यंत याविषयी गप्प राहण्याचा अधिकार हवा आहे, आपले जगणे आणि मरणे त्यांना स्वतःचे म्हणून हवे आहे, चळवळीचा पुरावा म्हणून नव्हे. प्रवाशाच्या लेखणीलाच हरकत घेणारे हे पत्र ओए यांनी आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत छापले आहे.