वाटेकरी

गोंडपिपरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत एक बाई शिकवत असत. रोजचा शेवटचा तास गोष्टीचा. माहीत असलेल्या गोष्टी संपल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच एक रचायला घेतली. बारा वर्षांची एक मुलगी, तिची आजी, आणि मोहफुलं वेचायला पहाटे निघालेल्या दोघींना जंगलात भेटणारं सगळं. गोष्ट वाढत गेली आणि दोनशे पानी दोन वह्या भरल्या.

आता हिचं पुस्तक व्हावं, असं बाईंना वाटू लागलं. चार ठिकाणी चौकशी केली, तेव्हा एका माणसाचा फोन आला. आपण लेखकांचे एजंट आहोत, मोठ्या प्रकाशकांकडे आपली ऊठबस आहे, पुस्तक इंग्रजीतही नेऊ, असं तो म्हणाला. वह्या किती पानांच्या आहेत ते त्याने विचारलं आणि नोंदणीचे पंचवीस हजार सांगितले. बाईंनी त्या रात्री कपाटातल्या पाटल्या काढून हातात तोलून पाहिल्या.

रविवारी त्या पाचगावला मामाकडे गेल्या. मामा अंगणात बांबू चिरत बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं. मामांना एजंट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, त्यानं तुही गोष्ट वाचली काय?"

"नाही. आधी पैसे भरायचे, मग वाचणार."

मामांनी कोयता खाली ठेवला. "आमच्या बांबूचं सांगतो. पैले या जंगलात आमी फक्त मजूर होतो. बांबू कोण नेते, काय भावानं इकते, आमाले पत्ता नसे. २०१२ साली हजारावर हेक्टर जंगलाचा हक्क गावाले भेटला. तवापासून ग्रामसभाच बांबू इकते. व्यापारी येते, माल पायते, भाव बोलते, पैसा ग्रामसभेच्या खात्यात येते. आमचा माल नेणाऱ्याले आमी आधी पैसे देतो काय? माल न पायता पैसा मांगणारा व्यापारी नाही, पोरी. आपला माल इकल्यावर जो आपल्यासंगं खाते, तो वाटेकरी. आधीच खाते, त्याले आपला माल इको न इको, काय फरक पडते?"

पुण्यात शिकणारा मामेभाऊ सुटीवर आला होता. त्याने मामांच्या बोलण्याला परदेशातला दाखला जोडला. इंग्लंड-अमेरिकेत एजंट खरोखरच असतात. लेखकाला पुस्तकातून जे मिळतं, त्यातले साधारण १५ टक्के ते घेतात, परदेशी हक्कांवर बहुधा २० टक्के. वाचण्याची फी घेत नाहीत. हॅरी पॉटरची लेखिका जे. के. रोलिंग हिला असाच एक एजंट भेटला. कितीतरी प्रकाशकांनी पुस्तक नाकारलं, तरी तो ते पुढच्याकडे पाठवत राहिला, आणि १९९७ साली ब्लूम्सबरीने ते छापलं. विकलं गेलं तरच त्याला काही मिळणार होतं, म्हणून तर तो थांबला नाही. मराठीत असा मधला माणूस फारसा नसतोच. लेखकच प्रकाशकाला लिहितो, आणि प्रकाशकाच्या कचेरीत बसलेला संपादक ते वाचतो. ही काही मराठीची उणीव नाही. गोंडपिपरीहून टाकलेलं पाकीट कुणाची ओळख नसताना थेट संपादकाच्या टेबलावर पोचतं, हे लहान सुख नव्हे.

"मग पाठवू का उद्याच?" बाईंनी विचारलं.

मामांनी चिरलेल्या बांबूवर बोट वाजवलं. "कोवळा बांबू आमी तोडत नाही. दिसाले उंचच दिसते, पण चिरला का पिचते. तुही गोष्ट पिकली का नाही, हे कोणाले इचारलं?"

बाई गावी परतल्या. त्या माणसाचा पुन्हा फोन आला, तेव्हा त्यांनी शांतपणे नाही म्हटलं आणि पाटल्या कपाटात ठेवून दिल्या. शेवटच्या तासाला वही उघडली. एरवी त्या गोष्ट तोंडाने सांगत, भर घालत, आवाज बदलत. या वेळी त्यांनी लिहिलं होतं तेवढंच वाचायचं ठरवलं. हातात पेन्सिल ठेवली. मुलं खिडकीबाहेर बघू लागली की समासात रेघ, हसली की टिंब. तिसऱ्या प्रकरणात रेघाच रेघा झाल्या. तिथे आजी मुलीला चांगलं वागण्याविषयी चार पानं सांगत होती.

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, मोहाखाली तं अस्वल येते फुलं खायाले. तुमच्या पोरीले भेव नाही लागत?"

अस्वल गोष्टीत होतं, पण पार शेवटी. बाईंनी ते ऐकून घेतलं, मात्र बदललं नाही. इतकी मेहनत करून रचलेला शेवट होता तो.

आजीची चार पानं मात्र गेली. पावसाळाभर बाई लिहीत राहिल्या. मग शाळेच्या कपाटातली मुलांची पुस्तकं त्यांनी एकेक काढली. मुलांनी हाताळून कोपरे मऊ झालेली वेगळी केली आणि ती कोणी छापली ते वहीत उतरवलं. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट. बालभारतीचं 'किशोर' मासिक तर १९७१ सालापासून मुलांसाठी निघतंय. त्याला गोष्टीतला एक स्वतंत्र प्रसंग पाठवला. एका प्रकाशकाला पहिली तीन प्रकरणं, सगळ्या गोष्टीचा एक पानी सारांश, आणि गोष्ट कोणत्या वयाच्या मुलांसाठी आहे ते सांगणारं साधं पत्र. सगळ्याची एकेक प्रत स्वतःकडे ठेवली. पाकीट टपालात टाकून येताना कोठारीच्या रस्त्याने बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे निघालेला बांबूचा ट्रक दिसला, तो वळणाआड जाईपर्यंत त्या बघत उभ्या राहिल्या.

महिने गेले. मासिकाकडून काही आलं नाही. प्रकाशकाचं उत्तर आलं, ते होकाराचं नव्हतं आणि नकाराचंही नव्हतं. संपादकाने दोन पानं भरून लिहिलं होतं. मुलगी आवडली, आजीची भाषा तशीच ठेवा, आता उरलेली प्रकरणं पाठवा. पण सारांशावरून दिसतं की अस्वल फार उशिरा येतं; ते आधी आणता येईल का, म्हणजे मुलीच्या धीटपणाला अर्थ येईल.

बाईंना रात्रभर वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला त्यांनी ते पत्र मुलांना वाचून दाखवलं.

मागच्या बाकावरचा मुलगा उभाच राहिला. "बाई, मी म्हटलं नवतं काय?"

बाईंनी त्याला पुढे बोलावलं, आपली पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि वही पहिल्या पानापासून उघडली.