करमुक्ती आणि ऋणमुक्ती

देशाची सीमा ओलांडणाऱ्या प्रवाशाला काही वस्तू करावाचून विकत घेता याव्यात, ही सवलत आज इतकी परिचयाची झाली आहे की तिच्यामागे धर्मविचारातील, म्हणजे कोण कोणाचे काय देणे लागतो या विचारातील, एक जुना प्रश्न दडलेला आहे, हे सहसा लक्षात येत नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरील ‘ड्यूटी फ्री’ दालनांत परदेशी मद्य, अत्तरे आणि चॉकलेटे सीमाशुल्काशिवाय, म्हणजे माल देशात येताना आकारल्या जाणाऱ्या कराशिवाय, मिळतात. त्याच मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील वाशिंदच्या बाजारात साबणाची वडी घेणारा ग्राहक मात्र वस्तू व सेवा कर भरूनच ती घरी नेतो. चैनीला सूट आणि गरजेला कर ही विसंगती निव्वळ जमाखर्चाची नाही. जो करातून सुटला तो ऋणातूनही सुटला काय, असा प्रश्न ती उभा करते.

या प्रश्नाची प्राचीन भूमी वाशिंदपासून फार दूर नाही. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याच्या बाजूने जुन्नरकडे चढणारा नाणेघाट हा सातवाहनकाळात कल्याण व सोपारा या बंदरांना घाटमाथ्याशी जोडणारा व्यापारी मार्ग होता. घाटमाथ्यावर आजही एक मोठा दगडी रांजण दिसतो आणि व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जाई, असे परंपरा सांगते. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची गणती त्यात केलेली आहे. घेण्याची खूण असलेला रांजण आणि देण्याची नोंद असलेला लेख एकाच खिंडीत असावेत, हा योग अर्थपूर्ण आहे. कारण राजाने घेतलेले द्रव्य पुन्हा दानरूपाने वाहते राहावे, तरच घेणे धर्म्य ठरते, अशी त्या काळच्या राजधर्माची धारणा होती.

प्राचीन ग्रंथांना करमाफी अपरिचित नव्हती. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त शुल्काध्यक्ष, म्हणजे जकातीवरील अधिकारी, याची कर्तव्ये सांगताना ‘उच्छुल्क’, म्हणजे शुल्कातून वगळलेला, असा शब्द येतो. विवाह, यज्ञ, प्रसूती, देवपूजा, उपनयन, व्रत अशा कार्यांसाठी नेला जाणारा माल उच्छुल्क असावा, आणि जे प्रजेच्या मोठ्या उपकाराचे आहे किंवा जे बी दुर्मीळ आहे त्यावरही शुल्क घेऊ नये, असा तेथील विधी आहे. राष्ट्राला पीडा देणारा आणि निष्फळ असा माल मात्र नष्ट करावा, असेही तोच ग्रंथ सांगतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नावेच्या उताराईचे नियम आहेत: मालाने भरलेल्या गाडीने मालाच्या मोलाप्रमाणे द्यावे, ज्याच्याजवळ सामान नाही त्याने नाममात्र द्यावे, आणि गर्भवती स्त्री, परिव्राजक, मुनी व ब्राह्मण यांच्याकडून काहीच घेऊ नये. परिव्राजक म्हणजे सर्व सोडून फिरणारा संन्यासी. या यादीत ब्राह्मणाला मिळालेली सूट ही जन्मसिद्ध विशेषाधिकाराची आहे, आणि आजची न्यायबुद्धी ती मान्य करणार नाही; पण बाकीच्या नियमांचे सूत्र स्पष्ट आहे. सूट एकतर कार्याच्या हेतूला होती किंवा प्रवाशाच्या रिकाम्या हाताला होती. आजच्या विमानतळावर हे सूत्र नेमके उलटे फिरले आहे: ज्याची पिशवी भरलेली, सूट त्याला.

ही उलटापालट कशी झाली हे पाहण्यासाठी आधुनिक व्यवस्थेचे तत्त्व पाहिले पाहिजे. विमानतळावरील पहिले करमुक्त दुकान १९४७ साली आयर्लंडमधील शॅनन येथे सुरू झाले, आणि त्यामागची कल्पना अशी होती की देश सोडून निघालेला प्रवासी ज्या जागेत उभा असतो ती भूगोलाने देशात असली तरी शुल्कापुरती देशाबाहेर मानावी. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ साली बेंगळुरू विमानतळावरील अशा दुकानांच्या खटल्यात, सीमाशुल्काची सीमा ओलांडण्यापूर्वी झालेल्या विक्रीवर राज्याला विक्रीकर लावता येत नाही, असा निर्णय दिला. येथे सीमा ही जमिनीवरची रेषा राहिलेली नसून कायद्याने मानलेली रेषा झाली आहे. युरोपीय संघाने १९९९ साली आपल्या सदस्यदेशांमधील प्रवासासाठी ही सवलत बंद केली, कारण अंतर्गत बाजारपेठ एक झाल्यावर ‘बाहेर’ मानण्याजोगी जागाच उरली नव्हती. तिकडे करमाफी सीमेबरोबर गेली. महाराष्ट्रात सीमेवरचा कर गेला, पण कर राहिलाच. आग्रा रोडने शहापूरकडून मुंबईत शिरणाऱ्या मालट्रकांना वेशीवर भरावी लागणारी जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येताच संपली, आणि वेशीवरचा कर वस्तूच्या किमतीत जाऊन बसला.

या व्यवस्थेच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे आणि तो नाकारता येत नाही. उपभोगावरील कर जिथे उपभोग होतो तिथल्या समाजाचा असतो, या तत्त्वाप्रमाणे परदेशी निघालेला मनुष्य जी वस्तू परदेशातच वापरणार आहे तिच्यावर या देशाचा हक्क पोहोचत नाही. म्हणून प्रस्थानाच्या दालनातील करमाफी न्याय्य आहे. परंतु हाच युक्तिवाद आगमनाच्या दालनाला लावला की तो उलटतो, कारण तेथे घेतलेली बाटली याच देशात उघडली जाणार असते. प्रवाशाने तीच बाटली बाहेरून आणण्याऐवजी येथे घ्यावी आणि परकीय चलन येथेच राहावे, हे व्यवहाराचे कारण खरे आहे. पण ते सोयीचे कारण आहे, हक्काचे नव्हे. २०१६ च्या नियमांत परतणाऱ्या सर्वसाधारण भारतीय प्रवाशासाठी ५०,००० रुपयांच्या मालाची आणि दोन लिटर मद्याची मर्यादा होती. सवलतीला मर्यादा घालावी लागते याचाच अर्थ तिला हक्क मानलेले नाही.

मग अशी सवलत घेणारा दोषी ठरतो काय? भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी दिलेले त्यांना न देता भोगणारा तो चोर, अशा अर्थाचा विचार येतो. पण तेथे चोरी ठरते ती परत न देण्यामुळे, घेण्यामुळे नव्हे. जैन विचार याहून काटेकोर आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त अस्तेयव्रताचे, म्हणजे न दिलेले न घेण्याच्या व्रताचे, जे अतिचार म्हणजे भंगाजवळ नेणारे दोष सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांबरोबरच ‘विरुद्धराज्यातिक्रम’, म्हणजे राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार करणे, हाही दोष आहे. यानुसार जकात चुकवणारा दोषी आहे, कायद्याने दिलेली सूट घेणारा नाही. परंतु हीच परंपरा श्रावकाला, म्हणजे गृहस्थ जैनाला, दिग्व्रतही सांगते. आपण कोणत्या दिशेला किती दूर जाऊ याची मर्यादा स्वतःच आखून घेणे, हे ते व्रत होय. सीमा आणि परिग्रह, म्हणजे वस्तूंचा संचय, यांचा संबंध येथे अचूक पकडला आहे: राज्याची सीमा माणसाला थांबवून विचारते, तर दिग्व्रताची सीमा माणूस स्वतःला विचारतो. करमुक्त दालनात पहिली सीमा मौन पाळते, तेव्हा दुसरीची गरज वाढते.

यावरून निष्कर्ष असा निघतो की करमुक्त खरेदी ही चोरी नाही, पण ती ऋणमुक्तीही नाही. कर हे समाजाच्या ऋणाचे एक मोजता येणारे रूप आहे. ते रूप माफ झाले तरी ऋण उरते, आणि ‘सीमेबाहेर’ मानलेल्या जागेत उभा असलेला प्रवासीही त्या ऋणाच्या बाहेर नसतो. या ऋणाचे उदाहरण जवळच आहे: शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून उचलून, शुद्ध करून मुंबईला पुरवले जाते. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.