गुण कुणाचे?

आपल्या गणेशोत्सवात दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. यंदा यादीत आमची लेकही आहे, म्हणून हे चार शब्द.

बहरीनच्या युवराजांनी १९९९ साली सुरू केलेली आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती निवडक हुशार मुलांना परदेशी विद्यापीठांत पाठवते. ती अर्थात बहरीनी मुलांसाठी. मी कुरकुरलो, "आपली पोरं इथेच जन्मली, तरी दार बंद!"

लेक म्हणाली, "बाबा, माझ्या शेजारी बसते ती माझ्याहून हुशार आहे. तिला शिकवणी परवडली नाही. तिचं दार कुणी बंद केलं?"

मला उत्तर सुचेना. चिंतामणराव देशमुख आठवले. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिज. बुद्धी त्यांचीच, पण वडील वकील, घरात विद्या होती. आणि नाना शंकरशेट १८६५ सालीच वारलेले! तरी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती कधी न पाहिलेल्या मुलापर्यंत पोचली.

यातले गुण नेमके कुणाच्या खात्यावर मांडायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. सध्या दर शुक्रवारी ती मैत्रीण आमच्याकडे गणिताला येते. शिकवतो मी, उत्तर बहुधा तिचेच आधी येते.