पुण्य कोणाचे?

सातारा जिल्ह्यातील श्रीक्षेत्र शिखर शिंगणापूर येथे चैत्र शुद्ध द्वादशीस मुंगी घाटातून कावडी चढतात. सासवडहून कऱ्हेचे जल घेऊन येणारी संत भुतोजी तेली यांची मानाची कावड त्यांत प्रमुख होय. माथ्यावर चैत्राचे रणरणते ऊन, समोर उभा कडा. भाविक हातात हात गुंफून मानवी साखळी करतात, तेव्हाच कावड वर पोहोचते.

मग त्या जलाभिषेकाचे पुण्य कोणाचे? खांदा देणाऱ्याचे, की साखळीतील अनोळखी हाताचे? एक हात सुटला तर सर्वांचाच तोल जातो. म्हणून या पुण्याची वाटणी होत नाही. सातारा-सांगलीकडून पायी येणाऱ्या यात्रेकरूंनी हे ध्यानी ठेवावे. थकलेल्या सोबत्यास मागे टाकून लवकर साधलेल्या दर्शनापेक्षा, त्याच्यासाठी थांबून उशिरा घडलेले दर्शनच श्रेष्ठ होय.