आज तुमचं नको

देणाऱ्याला नकार देता येतो, हे आपल्याला लहानपणी कुणी शिकवत नाही. शिबी राजा कबुतरासाठी स्वतःचं मांस कापून देतो, दधीची अस्थी देतो, कर्ण कवचकुंडलं उतरवून देतो. या गोष्टींत मागणारा कधी म्हणत नाही, 'थांबा, तुम्हाला हे झेपणार नाही.' दान जितकं दुखेल तितकं ते मोठं, हे माप तिथूनच मनात बसतं.

मी गेली नऊ वर्षं धावते. आठवड्याला पन्नासेक किलोमीटर. बेळगावातल्या एका रक्तदान शिबिरात माझ्या बोटातला थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला, तो बुडायच्या ऐवजी तरंगत राहिला. यंत्रावर मोजलं तर हिमोग्लोबिन १२.१. आपल्या देशात रक्तदानासाठी ते किमान १२.५ लागतं. तिथली मुलगी म्हणाली, "ताई, आज तुमचं नको. लोह वाढवा आणि मग या."

धावणाऱ्यांच्या बाबतीत हे नवलाचं नाही. पाऊल जमिनीवर आदळतं तेव्हा तळव्यातल्या बारीक वाहिन्यांमधल्या काही लाल पेशी फुटतात. लांब कूच केलेल्या एका जर्मन सैनिकाच्या लघवीत उतरलेल्या हिमोग्लोबिनची नोंद १८८१ सालची आहे. थोडं लोह घामातून जातं, थोडं आतड्यातून, बायकांचं पाळीतूनही. दमवणाऱ्या व्यायामानंतर काही तास हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि अन्नातलं लोह शोषून घ्यायला आतडं कां-कू करतं. शिवाय नियमित धावण्याने रक्तातला पातळ भाग वाढतो, त्यामुळे पेशी कमी झालेल्या नसतानाही आकडा खाली दिसू शकतो.

खरा साठा कळतो फेरिटिनवरून. फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य आणि हिमोग्लोबिन म्हणजे ताटातली भाकरी. कणगी तळाला गेली तरी काही दिवस ताटात भाकरी दिसत राहते. शिबिरात फक्त ताट पाहतात. साडेतीनशे मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे दीडशे मिलिग्रॅम लोह जातं आणि अन्नातून दिवसाला शोषलं जातं ते एक-दोन मिलिग्रॅम, तेही बहुतेक रोजच्या खर्चालाच पुरतं. म्हणून दोन दानांमध्ये पुरुषांना तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने थांबायला सांगतात.

माझ्याबरोबर धावणारा एक मित्र म्हणाला, "बेचाळीस किलोमीटरला दम आहे आणि बाटलीभर रक्ताला नाही?" त्याच्या चेष्टेत एक प्रश्न होता. दुसऱ्याचा जीव वाचवू शकेल असं काहीतरी मी स्वतःच्या छंदापायी रस्त्यावर सांडते आहे का? मला तसं वाटत नाही. माझं रक्त हे कुणाचं माझ्याकडे राहिलेलं देणं नाही. ते देणं असतं तर वसूलही करता आलं असतं, आणि मग त्याला दान म्हणायला जागा उरली नसती. पण याच न्यायाने दुसरी गोष्टही मान्य करावी लागते. मला देण्याची इच्छा आहे, म्हणून समोरच्याने ते घ्यायलाच हवं, असा हक्क मला मिळत नाही.

माझा मुद्दा इथे आहे. देऊ करणं हा देणाऱ्याचा धर्म, आणि कधी न घेणं हा घेणाऱ्याचा. कुणी म्हणेल, रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला १२.१ आणि १२.५ मधल्या फरकाचं काय? कदाचित फारसं काही नाही. आपल्या माणसासाठी कुणी जीव धोक्यात घालत असेल, तर त्यापुढे मी हातच जोडेन. पण अनोळखी माणसांकडून रोज रक्त गोळा करणाऱ्या व्यवस्थेला तशा त्यागावर चालता येणार नाही. देणाऱ्याच्या भलेपणाला मर्यादा नसेल, तर घेणाऱ्याला ती घालावीच लागते. नाहीतर सगळ्यात भल्या माणसाचंच सगळ्यात जास्त नुकसान व्हायचं.

आपल्याकडे पैसे घेऊन रक्त विकणारे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. जो पोटासाठी पुन्हापुन्हा रक्त विकतो, त्याला आपला अशक्तपणा लपवावाच लागतो आणि विकत घेणाऱ्याला तो न दिसलेलाच सोयीचा असतो. 'आज तुमचं नको' हे वाक्य त्या बाजारात परवडणारं नव्हतं. आज ते उच्चारता येतं, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

तरीही १२.५ हा आकडा शहाणा आहे, असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने पुरुषाला १३ च्या खाली आणि गरोदर नसलेल्या स्त्रीला १२ च्या खाली रक्तक्षय मानतात. म्हणजे १२.७ चा पुरुष रक्तक्षयी असूनही दाता ठरतो आणि १२.१ ची मी रक्तक्षयी नसूनही परत जाते. तो आकडा पिशवीचं दार राखतो. दारात आलेल्या माणसाची प्रकृती सांगणं त्याचं काम नव्हे.

ते काम कुणाचं, हा प्रश्न मला अधिक टोचतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये २५ टक्के. माझं लोह मी हौसेने खर्चते आणि गोळ्या, खजूर, डॉक्टर यांच्या बळावर भरूनही काढते. त्या बायकांची कणगी रिकामी आहे ती त्यांनी निवडलं म्हणून नव्हे. सगळ्यांना वाढून झाल्यावर जे उरलं त्यावर भागवणं, बाळंतपणांमागून बाळंतपणं. हेही देणंच, फक्त त्याला शिबिर नाही, प्रमाणपत्र नाही, आणि 'आता पुरे' म्हणणारं कुणी नाही.

दानाची थोरवी गाणाऱ्या समाजाने नकाराची ही रीत शिबिरापुरती ठेवू नये. घराघरांत ताट वाढून घेणाऱ्यांनी समोरच्या कणगीत एकदा डोकावून पाहावं आणि वेळीच म्हणावं, बाई, आधी तू जेव.