गोड ध्वनि आणि खरा ध्वनि

निर्वात नळ्यांचा ध्वनिवर्धक ज्यानें स्वतःच्या हातानें घरीं बांधला, त्यास तो सुधारीत राहण्याचें व्यसन बहुधा जडतें. आज एक कंडेन्सर बदलावा, उद्यां एक नळी. व्यसन निरुपद्रवी आहे. परंतु ‘सुधारला’ म्हणजे काय झालें, असें विचारलें असतां चांगले कसबी लोकही अडखळतात.

२ ऑगस्ट १९२७ रोजीं हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटींत बसलेल्या हॅरल्ड ब्लॅक या अमेरिकन एंजिनियरानें हातांतील वर्तमानपत्राच्या पानावर एक युक्ति टिपून ठेविली. दूरच्या टेलिफोनास एकामागून एक अनेक वर्धक लागत आणि प्रत्येकाची विकृति पुढच्यांत मिसळे. बाहेर पडणाऱ्या विजेचा कांहीं अंश उलटा करून आरंभीं परत आणावा, म्हणजे यंत्राची चूक यंत्रच बरीचशी खोडून काढतें, अशी ती युक्ति. यांत जोर खर्ची पडतो, खरेपणा मिळतो. विल्यमसन यांनीं १९४७ सालीं ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत प्रसिद्ध केलेला वर्धक याच तत्त्वावर उभा होता. पंधरा वॅट शक्ति देतांनाही त्याची विकृति शेंकडा ०.१ हून कमी असे. पुष्कळ हौशी लोकांनीं तो घरीं बांधला.

आतां ही परतीची वाट, म्हणजे बहुधा एक लहानसा रोधक, तोडून टाकावी असें सांगणारा एक पंथ आहे. ती तोडल्यावर आवाज भरदार, जिवंत वाटतो, हें खरें. पण पहिलें कारण अगदीं साधें आहे: तो मोठा झालेला असतो, आणि किंचित् मोठा आवाज कानास बहुधा चांगलाच वाटतो. मोठाई सारखी करून, बदल केव्हां केला हें ऐकणारास न कळवितां परीक्षा घ्यावी. ज्याचा पैसा आणि रविवार खर्ची पडला त्यासच न्यायाधीश नेमणें बरें नव्हे.

तरीही कांहीं गोडी उरते. मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकांतला तोच स्वर, नळी पदरचा घालते. एकट्या स्वरास तो शोभतो. अनेक स्वर एकत्र आले कीं त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून निघालेले, कोणीच न गायिलेले स्वरही आंत शिरतात.

येथें कोणी तंबोऱ्याचा दाखला देईल. घोडी घांसून, तारेखालीं सूत सरकवून जवारी साधणारा मिरजेचा कारागीरही उपस्वर वाढवितोच ना? वाढवितो, पण तो वाद्य घडवीत असतो. वर्धक हा निरोप्या आहे, आणि निरोप्यानें निरोप गोड करावा काय, हा येथला प्रश्न आहे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या गळ्याची साक्ष आतां रेकॉर्डींपुरतीच उरली आहे, आणि तींत कोणी भर घातली तर हरकत घेण्यास ते येत नाहींत. रेकॉर्डच मुळांत सदोष होती, हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. पहिल्या निरोप्यानें दोन शब्द गाळले म्हणून दुसऱ्यास दोन पदरचे घालण्याची मुभा मिळत नाहीं.

घरीं आपल्या आवडीचें ऐकण्याचा अधिकार मी कोणाचा काढून घेणार नाहीं. वाद उभा राहतो तो पाहुण्यांस तोच खाँसाहेबांचा अस्सल गळा म्हणून ऐकविण्याचा. तेव्हां रोधक तोडण्याऐवजीं त्याच्या वाटेंत एक बटण बसवावें. दोन्ही बाजूंस मोठाई सारखी राहील अशी योजना करावी, आणि एका बाजूस ‘रेकॉर्ड’, दुसरीस ‘आवड’ अशीं अक्षरें लिहावीं. काम एका दुपारचें आहे. मात्र यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरांत तीन-चारशें व्होल्ट कांहीं काळ दबा धरून असतात. ते उतरल्याची खात्री झाल्यावांचून आंत हात घालूं नये.